अर्धा बुशेल सफरचंदे आणि मुरंब्याचा हिशेब

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून अमेरिकेत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या जवळ राहतो. आमची मुलगी सात महिन्यांची असून तिला नुकतेच वरचे अन्न सुरू केले आहे. गेल्या शनिवारी आम्ही एका बागेत जाऊन अर्धा बुशेल (बुशेल हे इथले फळे मोजण्याचे माप) सफरचंदे स्वतः तोडून आणली; त्यांत निम्मी मॅकिंटॉश आहेत आणि निम्मी हनीक्रिस्प. ती वापरण्यापूर्वी सराव म्हणून मी घरात असलेल्या रेड डिलिशस जातीच्या सफरचंदांचा ॲपलसॉस, म्हणजे शिजवून घोटलेला गर, करून पाहिला. फोडी बुडतील इतके पाणी घालून त्या शिजवल्या आणि मिक्सरमधून काढल्या. तो पाणचट, तपकिरी आणि बेचव झाला. आमच्या शेजारीणबाई दरवर्षी ॲपलसॉस करून बरण्यांत भरतात आणि तो वर्षभर टिकतो असे सांगतात. साखर मात्र त्या जवळजवळ घालतच नाहीत. सांगलीहून आई फोनवर म्हणते, की फळाच्या वजनाइतकी साखर घातल्याशिवाय ते टिकणे शक्यच नाही. बाळाला साखर द्यायची नाही, हा तर माझा मुख्य हेतू आहे. घरात लोणच्याच्या रिकाम्या बरण्या पुष्कळ आहेत. गरम पदार्थ भरून बरणी उलटी ठेवली की झाकण आपोआप घट्ट बसते, असे एका व्हिडिओत पाहिले. ते चालेल का? भारतातून आणलेल्या प्रेशर कुकरचा या कामी उपयोग होईल का? कृपया सविस्तर लिहावे.
— मिशिगनहून एक वाचक

उत्तर

तुमच्या आई आणि तुमच्या शेजारीणबाई या दोघींचेही म्हणणे खरे आहे. फरक इतकाच, की त्या दोन निरनिराळ्या पदार्थांविषयी बोलत आहेत. मुरंबा टिकतो तो साखरेमुळे. पाकातील साखरेचे प्रमाण साधारण 65 टक्क्यांच्या वर गेले, की पदार्थातील पाणी बुरशीला आणि जिवाणूंना मिळेनासे होते, आणि म्हणून मुरंब्याची बरणी नुसत्या फडक्याने बांधून कपाटात ठेवली तरी महिनोन्महिने चांगली राहते. आपल्याकडील टिकाऊ पदार्थांची सगळी रीत अशीच मीठ, साखर, तेल आणि ऊन यांच्या आधाराने चालत आली आहे. ॲपलसॉस मात्र यांपैकी कशावरही टिकत नाही. तो टिकतो सफरचंदाच्या अंगच्या आंबटपणावर, उकळत्या पाण्यातील ठरलेल्या वेळेवर आणि हवाबंद झाकणावर. सफरचंदाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) बहुधा 3.3 ते 4 यांच्या दरम्यान असतो, आणि बंद बरणीत वाढून प्राणघातक विष तयार करणाऱ्या बॉट्युलिनम जिवाणूचे बीजाणू 4.6 पेक्षा कमी पीएचमध्ये रुजत नाहीत. उरतात ती बुरशी, यीस्ट आणि आंबटपणा सहन करणारे काही जिवाणू. त्यांचा बंदोबस्त उकळते पाणी करते. म्हणून तुमच्या बरणीत साखर शून्य असली तरी ती टिकण्याच्या दृष्टीने काही बिघडत नाही. बिघडते ते वेळेत कपात केली, झाकण जुने वापरले किंवा सॉसमध्ये भलतेच काही मिसळले तर. साखर किती घालावी हे तुमच्या मर्जीवर सोडता येते. उकळत्या पाण्यातली मिनिटे मात्र कोणाच्याच मर्जीवर सोडता येत नाहीत. हा फरक आईंना समजावून सांगितलात तर त्यांना तो पटेल असे वाटते, कारण कोणता पदार्थ कशामुळे टिकतो याची जाण मुरंबा घालणाऱ्या माणसाला उपजतच असते.

आता तुमचा पहिला प्रयत्न का फसला ते पाहू. त्यात तुमच्या हातगुणाचा दोष फारसा नाही. दोष फळाचा आणि पाण्याचा आहे. रेड डिलिशस हे दिसायला देखणे, चवीला निव्वळ गोड आणि शिजवल्यावर अगदीच निस्तेज होणारे फळ आहे. त्यात आंबटपणा कमी असल्यामुळे सॉसला चव येत नाही. गंमत अशी, की भारतात वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या मनात ‘सफरचंद’ म्हटले की हीच जात उभी राहते. अमेरिकेतील आयोवा राज्यात एका शेतकऱ्याच्या बागेत उगवलेल्या या जातीची कलमे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी हिमाचलातील कोटगढला आणून लावली; पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, सत्यानंद स्टोक्स झाले, आणि त्यांच्या बागेतल्या त्या फळाच्या वंशजांना आपण सिमल्याची सफरचंदे म्हणू लागलो. तेव्हा तुम्ही दुकानात सवयीने तेच लाल फळ उचललेत, यात नवल नाही. ते कापून खावे, सॉससाठी घेऊ नये.

पाण्याविषयी म्हणाल, तर सफरचंदात वजनाच्या सुमारे 85 टक्के पाणीच असते. ते सुटेपर्यंत पातेल्याचे बूड करपू नये, एवढ्यासाठीच वरून पाणी घालायचे असते. तीन पौंड फळांना पाव ते अर्धा कप पाणी पुरे होते. तुम्ही फोडी बुडेपर्यंत पाणी ओतलेत, म्हणजे सॉसऐवजी सफरचंदाचे सार केलेत. तपकिरी रंगाचे कारण वेगळे आहे. फोड कापली की तिच्यातील एक विकर (एन्झाइम) हवेच्या संपर्कात येऊन तिला काळपट करते, आणि उष्णता लागली की ते विकर निकामी होते. म्हणून सगळी फळे चिरून होईपर्यंत आधीच्या फोडी ताटात उघड्या पडू न देता त्या लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात आणि निथळून लगेच मोठ्या आचेवर चढवाव्यात. थोडा सोनेरी झाक असलेला रंग मात्र घरच्या ॲपलसॉसचा स्वाभाविक रंग आहे. दुकानातल्या पांढुरक्या सॉसशी त्याची बरोबरी करू नये.

तुमच्या अर्ध्या बुशेलमध्ये निम्मी मॅकिंटॉश आहेत, हे तुमचे भाग्यच म्हणायचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तुमच्या राज्याला लागूनच असलेल्या कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात सापडलेली ही जात सॉससाठी फार जुनी आणि भरवशाची मानली जाते. तिचा गर मऊ असतो, चव आंबटगोड असते, वास दरवळतो आणि शिजू लागली की ती दहा-पंधरा मिनिटांत आपणहून विरघळते. हनीक्रिस्प ही याच्या उलट स्वभावाची. मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये प्रसृत केलेल्या या जातीची सगळी ख्याती तिच्या करकरीतपणासाठी आहे. तो करकरीतपणा शिजवून घालवण्यात शहाणपण नाही, आणि बागेत तिला इतरांपेक्षा पैसेही जास्त मोजावे लागतात. तिच्या फोडी लवकर विरत नाहीत, त्यामुळे मॅकिंटॉशबरोबर एकाच वेळी टाकल्या तर मॅकिंटॉशचा लगदा होऊन करपायला लागतो आणि हनीक्रिस्पच्या फोडी अजून अंग धरूनच असतात. माझे मत विचाराल तर हनीक्रिस्प खायला ठेवा. सॉसमध्ये घालायचीच असली तर फोडी लहान करा आणि आधी टाका.

नुसत्या मॅकिंटॉशचा सॉस थोडा पातळ आणि आंबटपणाकडे झुकणारा होतो. काहींना तोच आवडतो. थोडा दाट आणि जास्त गोड हवा असेल तर पुढच्या खेपेस बागेतून गोल्डन डिलिशस आणावीत. नावात ‘डिलिशस’ असले तरी रेड डिलिशसशी तिचे नाते नाही, ती शिजायला उत्तम आहे, आणि साखर न घालता गोडी आणायची असेल तर तिच्याइतका सरळ उपाय दुसरा नाही. मिशिगनमध्ये जोनाथन आणि आयडा रेड याही जाती मिळतात. त्यांचा आंबटपणा चांगला असतो. प्रमाण म्हणून एवढे लक्षात ठेवावे, की तीन पौंड गोड फळांमागे एक ते दोन पौंड आंबट फळे घेतली की चव भरते. एकाच जातीचा सॉस आणि दोन-तीन जातींचा मिश्र सॉस शेजारी शेजारी ठेवून चाखले, तर मिश्र सॉस कोणता हे सांगावे लागत नाही.

फळे निवडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. आपटून मऊ पडलेला भाग कापून बाकीचे फळ घेता येते. परंतु कुजलेले किंवा बुरशी धरलेले फळ, थोडे कापून चालेल असे म्हणून, पातेल्यात टाकू नये. सफरचंदावरील निळसर बुरशी पॅट्युलिन नावाचे विष तयार करते आणि ते शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही. बाळाच्या ताटात जाणाऱ्या पदार्थासाठी झाडाखाली पडलेली फळे उचलू नयेत, ती कितीही चांगली दिसली तरी.

कृती तशी साधी आहे. फळे धुवावीत, चार फोडी करून बिया आणि गाभा काढावा, जाड बुडाच्या पातेल्यात थोडे पाणी घालून झाकण ठेवावे आणि मधून मधून कालथ्याने तळापासून हलवत राहावे. जात आणि पक्वता यांनुसार पाच ते वीस मिनिटांत फोडी मऊ होतात. साल काढावी की नाही, हा खरा निर्णयाचा प्रश्न आहे. तुमच्याकडे पुरणयंत्र असेल तर साल काढू नका, असे मी सांगेन. अमेरिकेत सॉससाठी जे हाताने फिरवायचे यंत्र विकत मिळते, ते आणि आपले पुरणयंत्र यांचे काम एकच. बारीक जाळी लावून शिजलेल्या फोडी त्यातून काढल्या, की गर खाली उतरतो आणि साली वर राहतात. लाल सालीसकट शिजवलेल्या मॅकिंटॉशच्या सॉसला फिकट गुलाबी रंग येतो, सालीलगतचे पेक्टिन, म्हणजे फळाला घट्टपणा देणारा घटक, उतरल्यामुळे तो थोडा दाटही होतो, आणि चार तास सोलत बसण्याचा त्रास वाचतो. पुरणयंत्र नसेल तर साली काढून फोडी शिजवाव्यात आणि डावाने किंवा बटाटे चेचण्याच्या साधनाने घोटाव्यात. मिक्सरचा मोह आवरावा. त्यात सॉसमध्ये हवा मिसळून तो फेसाळ होतो, आणि बरणी उकळताना तीच हवा प्रसरण पावून सॉस झाकणाबाहेर ढकलते. शिवाय कढत पदार्थ बंद मिक्सरमध्ये फिरवल्यास वाफेने झाकण उडून अंगावर येऊ शकते, तो धोका निराळाच.

गाळलेला सॉस पुन्हा आचेवर ठेवून चांगली उकळी आणावी. या वेळी तो पिठल्यासारखा उडतो आणि हातावर आला तर चांगलाच भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव वापरावा आणि बाळाला कडेवर घेऊन हे काम करू नये. गोड करायचाच असेल तर एका क्वार्टला, म्हणजे सुमारे 950 मिलिलिटरला, दोन मोठे चमचे साखर पुष्कळ होते. दालचिनी, जायफळ किंवा वेलची चिमूटभर घातल्याने टिकाऊपणाला बाध येत नाही. मात्र आपल्या हाताला सवय असते म्हणून सांगते: साजूक तुपाची धार बरणीत सोडू नका. स्निग्ध पदार्थाने जिवाणूंना आडोसा मिळतो आणि झाकणाची पकडही बिघडते. तूप घालायचे तर वाटीत वाढल्यावर घालावे. तसेच केळे, भोपळा, खजूर किंवा दूध मिसळलेला सॉस बरणीत भरून कपाटात ठेवू नये. केळ्याचा आणि भोपळ्याचा पीएच 4.6 च्या आसपास किंवा वर असतो, आणि वर सांगितलेले सगळे गणित तिथेच कोलमडते. असे मिश्रण केले तर ते फ्रीझरमध्ये ठेवावे.

आता बरण्यांकडे वळू. तुमच्या पत्रातील सर्वांत काळजीचा भाग हाच आहे. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या या कामासाठी घेऊ नका. त्यांची झाकणे एकदाच हवाबंद बसण्यासाठी केलेली असतात, त्यांची काच वारंवार उकळण्याच्या दृष्टीने बनवलेली नसते, आणि आंब्याच्या लोणच्याचा वास तर झाकणातून जन्मभर जात नाही. डाळी आणि मसाले भरायला त्या छान आहेत. ॲपलसॉससाठी मेसन जातीच्या बरण्या घ्याव्यात, ज्यांना दोन भागांचे झाकण असते: एक चपटी तबकडी, जिच्या कडेला चिकट लेप असतो, आणि दुसरी ती धरून ठेवणारी आट्यांची कडी. जॉन मेसन यांनी 1858 मध्ये आट्या असलेल्या बरणीचे पेटंट घेतले, तेव्हापासून हे नाव रूढ आहे. कडी वर्षानुवर्षे वापरता येते, तबकडी मात्र प्रत्येक वेळी नवी घ्यावी लागते. त्यात काटकसर करू नये.

गरम सॉस भरून बरणी उलटी ठेवण्याची युक्ती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, आणि तिने झाकण घट्ट बसते हेही खरे आहे. परंतु झाकण बसणे आणि आतला पदार्थ निर्धोक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरताना बरणीच्या गळ्याशी आणि झाकणाला हवेतली बुरशी चिकटलेली असते. थंड होत चाललेला सॉस तिला मारायला पुरत नाही. ती बुरशी वाढली, की सॉसचा आंबटपणा हळूहळू कमी होऊ शकतो आणि ज्या आंबटपणावर आपण विसंबलो तोच हातचा जातो. म्हणून भरलेली बरणी उकळत्या पाण्यात ठरलेला वेळ बुडवून ठेवणे, याला पर्याय नाही.

ते असे करावे. बरणीपेक्षा चार-पाच इंच उंच असे मोठे पातेले घ्यावे आणि तळाशी मोदकपात्राची किंवा कुकरची जाळी ठेवावी, म्हणजे काच थेट बुडाला टेकणार नाही. बरण्या गरम पाण्यात ठेवून गरमच असू द्याव्यात. थंड काचेत उकळता सॉस ओतला तर ती तडकते. सॉस भरताना वर अर्धा इंच जागा मोकळी सोडावी, लाकडी काडी कडेने फिरवून आतली हवा काढावी, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावा, तबकडी ठेवावी आणि कडी बोटांच्या साध्या जोराने फिरवावी. ताकद लावून आवळू नये, कारण आतली हवा बाहेर पडायला वाट लागते. पातेल्यातील पाणी बरण्यांच्या डोक्यावर निदान एक इंच असावे. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून वेळ मोजायची, बरणी पाण्यात ठेवल्यापासून नव्हे. पाइंटच्या, म्हणजे अर्ध्या क्वार्टच्या, बरणीला 15 मिनिटे आणि क्वार्टच्या बरणीला 20 मिनिटे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तपासून ठरवलेल्या या वेळा समुद्रसपाटीपासून 1,000 फुटांपर्यंतच्या ठिकाणांसाठी आहेत आणि डेट्रॉइटचा परिसर त्यात बसतो. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून वेळ वाढवावी लागते. हे उत्तर वाचणारे कोणी कोलोरॅडोत डेन्व्हरला राहत असतील, तर त्यांनी पाइंटला 20 आणि क्वार्टला 30 मिनिटे धरावीत.

वेळ भरल्यावर आच बंद करून पातेल्याचे झाकण काढावे, पाच मिनिटे थांबावे, मग बरण्या उभ्याच उचलून जाड पंचावर अंतर ठेवून मांडाव्यात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावू नये. थंड होताना तबकडी टप्पकन आत ओढली गेल्याचा आवाज येतो. दुसऱ्या दिवशी मध्यभागी बोटाने दाबून पाहावे. ती आत खोलगट असून हलत नसेल तर कडी काढून ठेवावी, बरणी पुसावी, तारीख लिहावी आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. वर्षभरात संपवावी. जी तबकडी दाबल्यावर खालीवर होते ती बसलेली नाही. ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावी. पुढे कधी बरणी उघडताना सॉस फसफसला, झाकण फुगलेले दिसले किंवा वास वेगळा आला, तर चाखून पाहण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावी. तुमच्या राज्यात मिशिगन स्टेट विद्यापीठाची विस्तार सेवा याविषयी मार्गदर्शन करते. शंका आली तर व्हिडिओपेक्षा तिथे विचारलेले बरे.

प्रेशर कुकरविषयी दोन वेगळी उत्तरे आहेत. बरण्या हवाबंद करण्यासाठी आपला शिट्टीचा कुकर वापरू नये. त्या कामाचे यंत्र निराळे असते आणि सफरचंदासारख्या आंबट फळाला त्याची गरजही नाही. फळे शिजवण्यासाठी म्हणाल, तर कुकरमध्ये थेट फोडी टाकू नयेत. सफरचंद शिजताना फेस धरते आणि तो फेस शिट्टीच्या नळीत अडकला तर वाफेला वाट राहत नाही. कुकरच्या माहितीपुस्तिकांत ॲपलसॉसचे नाव घेऊन मनाई केलेली असते ती याचसाठी. वरणभाताप्रमाणे तळाशी पाणी घालून आत झाकणाचा डबा ठेवला आणि तो निम्माच भरला, तर बाळापुरती दोन फळे वाफवून घ्यायला हरकत नाही. अर्धा बुशेल मात्र उघड्या पातेल्यातच शिजवावा.

बाळासाठीच्या सॉसला साखर, मीठ आणि मध यांपैकी काहीही घालू नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत वरून साखर देऊ नये असे सांगते, आणि मध एक वर्षाच्या आत देणे धोक्याचे आहे, कारण ज्या बॉट्युलिनमचा उल्लेख वर आला त्याचे बीजाणू मधात असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात. बाळासाठी बरण्या भरण्यापेक्षा बर्फाच्या साच्यात सॉस गोठवावा आणि घट्ट झालेले तुकडे पिशवीत भरून ठेवावेत. एका वेळेला एक-दोन तुकडे वितळवून पुरतात आणि वाया जात नाही. वितळवलेला सॉस फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ज्या वाटीत बाळाचा उष्टा चमचा गेला त्यातले उरलेले परत ठेवू नये. आणखी एक सांगावेसे वाटते. ॲपलसॉस बाळे आवडीने खातात, म्हणून घरातली मोठी माणसे तोच पुनःपुन्हा भरवतात. परंतु त्यात लोह नाममात्र असते आणि सातव्या महिन्यात बाळाला लोहाची गरज मोठी असते. तेव्हा डाळ, लोहयुक्त तृणधान्ये किंवा डॉक्टरांनी सुचवलेले अन्न आधी, आणि सॉस त्यानंतर किंवा त्यात मिसळून, असा क्रम ठेवावा. कच्च्या सफरचंदाची फोड मात्र हातात देऊ नये. ती घशात अडकते.

हिशेब असा, की अर्धा बुशेल म्हणजे सुमारे 20 ते 24 पौंड फळे, आणि एका क्वार्ट सॉसला साधारण तीन पौंड लागतात. हनीक्रिस्प खायला बाजूला काढली तर मॅकिंटॉशचे तीन-चार क्वार्ट, म्हणजे सात-आठ पाइंट होतील. एका दुपारचे काम आहे. मॅकिंटॉश फार दिवस टिकत नाही, म्हणून तिला आधी हात घाला. हनीक्रिस्प फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बरेच आठवडे चांगली राहतात. तिथे शेजारी कोथिंबीर आणि गाजरे ठेवू नका. सफरचंदातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने कोथिंबीर पिवळी पडते आणि गाजरे कडवट होतात.

उघडलेली बरणी संपवायची चिंता नसावी. जर्मन घरांत आणि ज्यूंच्या हनुका सणात किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या वड्यांबरोबर हा सॉस खातात. त्याच न्यायाने उपवासाच्या बटाट्याच्या थालीपिठाशी तो फार छान लागतो. अंडे न घालता केक करायचा असेल, तर एका अंड्याच्या जागी पाव कप सॉस चालतो. केक थोडा दमट होतो, पण घरात अंडी न खाणारे कोणी असेल तर ही सोय मोठी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांपैकी कोणाला हे करून पाहावेसे वाटले, तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येणारी नवी सफरचंदे घ्यावीत. बाजारात बहुतेक डिलिशसच्याच जाती असतात, म्हणून त्यांत हिरवे, आंबट ग्रॅनी स्मिथ एक-दोन मिसळावे. ते महाग वाटले तर चार फळांना अर्ध्या लिंबाचा रस घालावा. त्याने चवीतील उणीव बरीचशी भरून निघते. दोन भागांच्या झाकणाच्या बरण्या आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत, तेव्हा साठवणीच्या भानगडीत न पडता आठवड्याभरात संपेल इतकाच सॉस करून फ्रिजमध्ये ठेवावा.